खाणीवरच्या माणसाची पक्की प्रत

सोमवार, ७ सप्टेंबर

आलो एकदाचा. बसमधून उतरलो तेव्हा कंबरेचा पार भुगा झाला होता, पण खुशीत असा होतो की थांब्याच्या खांबालाही मिठी मारली असती. नोकरी लागली, खोली मिळाली आणि जिच्यासाठी आलो तीही याच गावात आहे. माणसाला आणखी काय लागतं? आई म्हणते, डिग्री लागते. दादा म्हणतो, अक्कल लागते. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं त्या दिवसापासून दोघांची ही जुगलबंदी चालू आहे. चालू दे. इथवर ऐकू येत नाही.

नोकरी स्थानिक इतिहास मंडळात, लेखनिकाची. दर गुरुवारी दुपारी चारला सभागृहात व्याख्यान असतं. गावचा इतिहास, जुन्या कहाण्या, कोण कुठे बुडालं, कुठला पूल कोणी बांधला. वर्षातून एक मोठी कहाणी चार गुरुवार चालते, ती याच आठवड्यात सुरू होतेय. मी खुर्च्या मांडायच्या, रेकॉर्डर लावायचा आणि नंतर ऐकून सगळं कागदावर उतरवायचं. गंमत पुढे आहे. व्याख्यान झालं की लोक चिठ्ठ्यांवर दुरुस्त्या लिहून पेटीत टाकतात. पूल लाकडी नव्हता, दगडी होता, म्हातारी लंगडी नव्हती, आंधळी होती, असलं काही. त्या चिठ्ठ्या मी मजकुरात बसवायच्या. पुढच्या गुरुवारी चिटणीस त्या वाचून दाखवतात, हात वर होतात, मंजूर. मंजूर झालं की काळ्या शाईत पक्की प्रत. पक्क्या प्रतीत खाडाखोड चालत नाही.

चिटणीस सत्तरीचे, सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेले. मुलाखतीत एवढंच विचारलं की अक्षर कसं आहे. अक्षर माझं छापल्यासारखं. निम्म्या वर्गाची जर्नल्स मी लिहिलीत. तिची तर सगळीच.

ती चिटणिसांची पुतणी. चौकातल्या औषधांच्या दुकानात काम करते. मार्चमध्ये कॉलेजातून एकाएकी निघून आली, जाताना म्हणाली की माझ्यामागे येऊ नकोस. मुली असं बोलतात त्याचा अर्थ मला कळतो.

मंगळवार, ८ सप्टेंबर

खोली शिंपीणबाईंच्या माडीवर. खाली दिवसभर मशीन चालतं. मी सवयीने मावशी म्हणालो, तर बाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या की मला बहीण नाही, त्यामुळे मी कोणाची मावशी नाही. बरं, नाही तर नाही. चहा मात्र दिला. कपाची बाजू फुटलेली होती आणि ती नेमकी माझ्याकडे वळवून.

संध्याकाळी औषधांच्या दुकानात गेलो. डोकेदुखीची गोळी मागितली. तिने मान वर केली आणि चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. हळू आवाजात विचारलं की तुला इथे बोलावलं कोणी. मी ऐटीत सांगितलं, नोकरीच लागली आहे. कुठे म्हणून विचारलं, तेही सांगितलं. गोळ्यांची पट्टी तिच्या हातून खाली पडली. मग काउंटरवर दोन्ही हात टेकून ती म्हणाली की तू मूर्ख आहेस, आधीही होतास. हे प्रेमाशिवाय कोणी बोलत नाही.

गुरुवार, १० सप्टेंबर

पहिलं व्याख्यान. एकशे वीस खुर्च्या, एकही रिकामी नाही. मी समोरच्या छोट्या टेबलाशी रेकॉर्डर घेऊन बसलो होतो. लोक चिटणिसांकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत होते. नवा माणूस बघतात तसं नाही. कापड घेताना उजेडाकडे धरून बघतात तसं.

कहाणीचं नाव ‘खाणीवरचा माणूस’. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे, आता पाण्याने भरलेली. बाहेरगावचा एक तरुण गावात येतो आणि शेवटी त्या खाणीत जातो, असं काहीसं. कोणत्या सालची गोष्ट ते चिटणिसांनी सांगितलंच नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाले की साल शेवटी घालायचं असतं.

टाळ्या नाहीत. लोकांनी शांतपणे खिशातून पेन्सिली काढल्या.

शनिवार, १२ सप्टेंबर

त्रेचाळीस चिठ्ठ्या. पहिल्या दहा साध्या: वारा पश्चिमेचा होता, खाणीकडे जाताना चिंचोळी वाट लागते. मग ही: “तरुण उंच होता, डाव्या भुवईवर जखमेचा व्रण.” पुढची: “निळा शर्ट, कॉलर विरलेली.” पुढची: “शिक्षण अर्धवट टाकलेलं. आईचं ऐकत नसे.” आणखी एक, शिंपीणबाईंच्या किरट्या अक्षरात: “जिने चढताना शीळ घालतो. वाईट घालतो.”

भुवईवरचा व्रण माझा आहे. शर्टही माझाच.

म्हणजे अख्खं गाव माझी टिंगल करतंय. नवा पोरगा आला, घ्या त्याची फिरकी. आधी हसलो. मग डोकं सणकलं. तरी चिठ्ठ्या सगळ्या बसवल्या, एकही गाळली नाही. कामात खोट काढायला यांना जागा देणार नाही.

गुरुवार, १७ सप्टेंबर

दुरुस्त्या वाचल्या, हात वर झाले. व्रण मंजूर. शर्ट मंजूर. शीळ मंजूर, तिथे मात्र दोघंतिघं गालात हसले. मग दुसरा भाग. तो तरुण म्हणे एका मुलीपायी गावात आला, मुलीने नको सांगितलं होतं तरी आला. ती मागच्या रांगेत बसली होती. मान खाली.

संपल्यावर मी दाराशी वाण्याला गाठलं. हा सगळ्यांत जास्त माझ्याकडे बघून मान हलवत असतो. म्हटलं, मस्करी पुरे झाली, पुढच्या वेळी कोणी असलं लिहिलं तर नाक फोडीन. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला की मंडळात मस्करी कोणी करत नाही, आणि नाक फोडण्याचं चांगलं आठवलंत, तेही लिहून टाकतो. खिशातून पेन्सिल काढून त्याने तिथेच भिंतीला चिठ्ठी टेकवली.

शनिवार, १९ सप्टेंबर

आज चिठ्ठ्या जास्त, एकोणसत्तर. वाण्याची आहेच: “तापट. नाक फोडण्याच्या गोष्टी करतो, फोडत नाही.” बाकी बहुतेक दगडांवर. “दगड प्रत्येकाने एकच.” “मुठीएवढा, मोठा नको.” “आधी खिशात, मग शर्टाच्या आत.” कशाचे दगड, कोणाच्या खिशात, मला काही उमगलं नाही. पुढच्या भागात येईल म्हणून बाजूला ठेवल्या.

आणि एक चिठ्ठी तिची. ते अक्षर मी झोपेतही ओळखीन. लिहिलं होतं: “तो तरुण भ्याला. कहाणी पुरी व्हायच्या आत बसने निघून गेला आणि पुन्हा कधीही आला नाही.”

भ्याला. सगळ्या गावाने टर उडवली ते मी गिळलं, पण तिनेही? मी तिच्यासाठी सगळं सोडून आलो आणि तिच्या लेखी मी पळपुटा? कोरी चिठ्ठी घेतली आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिली: “तो भ्याला नाही. बसने गेला नाही. शेवटपर्यंत गावातच राहिला.” टाकली पेटीत. लेखनिकाला चिठ्ठी टाकायची मनाई आहे असं कुठे लिहिलेलं नाही.

गुरुवार, २४ सप्टेंबर

दोन चिठ्ठ्या एकमेकींच्या विरुद्ध असल्या की सभागृह ठरवतं. चिटणिसांनी तिची चिठ्ठी वाचली. एक हात वर झाला, तिचा. त्यांनी माझी वाचली. बाकी सगळे हात वर.

आणि टाळ्या वाजल्या. या गावात पहिल्यांदा ऐकल्या. वाणी उठून आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. शिंपीणबाई हसल्या, त्यांचे दात पहिल्यांदा दिसले. कोणीतरी म्हणालं की याआधी कोणी स्वतःहून इतकं केलं नव्हतं. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तिच्याकडे बघितलं, आता तरी कळलं का म्हणून. ती खुर्ची सरकवून निघून गेली. दारात तिने कपाळ चौकटीला टेकलं, क्षणभरच.

चिटणिसांनी तिथेच पक्की प्रत करायला बसवलं. काळी शाई, सुबक अक्षर. शेवटपर्यंत गावातच राहिला.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

मुखपृष्ठ कसं मांडायचं ते बघायला दप्तरखोलीतलं कपाट उघडलं. सभागृहाच्या मागे लाकडी पडदी घालून केलेली ही खोली. जुन्या पक्क्या प्रती ओळीने लावलेल्या. ‘छत्री दुरुस्त करणारा’. ‘मोजणीदार आणि त्याची साखळी’. ‘फोटोवाल्याची कहाणी’. सगळे बाहेरून आलेले. सगळे शेवटी खाणीत.

पहिल्या पानावर व्याख्यानांच्या चार तारखा. शेवटच्या पानावर तांबड्या शाईत एक शब्द, “घडलं”, आणि पुढे तारीख. आधी वाटलं की छापायला दिल्याची तारीख असेल. मग फोटोवाल्याच्या प्रतीत वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं सापडलं. इसम बेपत्ता, शोध चालू. कात्रणाची तारीख चौथ्या व्याख्यानानंतर तीन दिवसांची. पहिल्या व्याख्यानाच्या वेळी तो माणूस जिवंत होता. याच गावात फोटो काढत हिंडत होता.

मी पुन्हा पुन्हा तारखा ताडून बघितल्या. कपाटातल्या सगळ्या प्रतींच्या.

आधी व्याख्यान. मग घटना.

चिटणीस दारातच उभे होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी शांतपणे सांगितलं, शाळेत सांगतात तसं. इतर गावांत आधी घडतं आणि मग शंभर माणसं शंभर गोष्टी सांगतात, भांडतात, घराघरांत फूट पडते. आपल्याकडे आधी एकमत करतात. आपल्या गावात कधी तंटा नाही. मग माझ्या हातातली प्रत घेऊन तिच्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले की अक्षराच्या बाबतीत मात्र तुझ्या जवळपास कोणी नाही.

शनिवार, २६ सप्टेंबर

सकाळच्या बसला गेलो. बॅग घेतली नाही, कोणाला संशय नको म्हणून. कंडक्टरने दारातच हात आडवा धरला. म्हणाला, तुम्ही बसने जात नाही. मी म्हटलं, जातोय ना, हा काय उभा आहे. तो म्हणाला की परवाच ठरलं, मीपण हात वर केला होता. बसमधले सगळे खिडकीतून बघत होते. मी घुसायला गेलो. त्याने ढकललं नाही. आतल्या सगळ्यांनी मिळून मला उचललं आणि खाली ठेवलं, सामान ठेवतात तसं. एका बाईने माझी कॉलर नीट केली.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की तुमच्या चिटणिसांचा कालच फोन आला होता, तू प्रेमभंगाने जरा हळवा झालास असं सांगत होते, फार सज्जन माणूस आहे. म्हणाला, निदान ही नोकरी तरी पुरी कर.

रविवार, २७ सप्टेंबर

पायी निघालो. पाणंदीने. वळणावर लोहार उभा. शेताने गेलो. बांधावर वाणी आणि त्याची बायको. ओढ्याने गेलो. पलीकडे शाळेच्या बाई, हातात छत्री. कोणी हात लावला नाही. नुसते समोर उभे राहतात, आणि मी वळलो की मागून चालत येतात. तेवढ्याच अंतरावर.

वाण्याने विचारलं की पाणी हवं का. घेतलं नाही.

मंगळवार, २९ सप्टेंबर

ती दुकानात एकटी होती. मी काउंटरवर हात आपटून विचारलं की तुला माहीत होतं का. म्हणाली, जन्मापासून. मग इतके दिवस गप्प का राहिलीस? तर म्हणाली, मी गप्प राहिले नव्हते. मार्चमध्ये सांगितलं होतं, येऊ नकोस. नंतर चिठ्ठी लिहिली. या गावातून बाहेर जायचा तेवढा एकच रस्ता असतो, मंडळाने मंजूर केलेला, आणि मी तो तुझ्यासाठी लिहिला होता. काही जणांना मी पटवलंही होतं, पण तुझी चिठ्ठी आली म्हटल्यावर तेही फिरले. तू उभा राहून, सगळ्यांच्या टाळ्या घेऊन तो बंद केलास.

म्हटलं, दुसरी चिठ्ठी लिही. म्हणाली, पक्की प्रत झाली. तूच केलीस ना.

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला, रागाने नाही, आणि हात साबणाने धुतला. म्हणाली की माझंही नाव आता त्या कहाणीत आहे, तुझ्यामुळे, आणि मला इथेच राहायचंय.

बुधवार, ३० सप्टेंबर

पक्की प्रत फाडली. तुकडे करून नळाखाली धरले, शाई बोटांवर उतरली. बरं वाटलं—

खाली आलो तर शिंपीणबाई काळ्या कापडावर खडूने रेघा ओढत होत्या. वर न बघता म्हणू लागल्या. तो भ्याला नाही, बसने गेला नाही. माझ्याच ओळी, माझ्याच विरामांसकट. शेजारची बाई आत आली, तिने पुढचं वाक्य उचललं. रस्त्यावरून सायकलवाला गेला, त्याने त्याच्या पुढचं.

सगळ्यांना पाठ आहे. कागद त्यांना लागतच नाही.

मग कशाला लिहून घेतात—

बाईंनी सांगितलं, लिहून घेतात ते ज्याचं असतं त्याला कळावं म्हणून. आणि तुझा शर्ट आणून दे, खिसे जरा मोठे करून देते.

गुरुवार, १ ऑक्टोबर

दुपारी सव्वातीन.

दप्तरखोलीत आहे. सकाळपासून. आतून कडी लावली, कपाट दाराला सरकवलं होतं पण ते परत ओढून घेतलं, श्वास कोंडत होता. दार जाड आहे. कडी लोखंडी. खिडकी नाही. पडदीच्या फटीतून सभागृह दिसतं. खुर्च्या त्यांनीच मांडल्या. माझ्यापेक्षा सरळ.

पोलिसांना फोन लावला. पलीकडच्याने नाव विचारलं, मग म्हणाला की आजचं व्याख्यान कितीला आहे, चारला ना.

तीन चाळीस.

येताहेत. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. मुठीएवढं. दगड मांडीवर ठेवून बसतात. वाण्याने आपला रुमालाने पुसला.

ती अजून आली नाही. नको येऊ. एवढं तरी—

आली. मागच्या रांगेत नाही. पुढे. तिच्याही मांडीवर.

चार वाजून दहा.

चिटणीस वाचताहेत. सगळं आहे त्यात. शिंपीण, बस, ओढा, नळाखाली धरलेला कागद. तेसुद्धा. “त्याने दप्तरखोलीचं दार आतून लावून घेतलं आणि तो लिहीत बसला.”

इथे थांबले. म्हणाले की पुढचं अजून ठरलेलं नाही. लेखनिक आज हजर नसल्यामुळे दुरुस्त्या तोंडी घेऊ. तो बाहेर कसा आला?

मी श्वास रोखून—

लोहार म्हणाला, दार फोडलं. सुतार चिडला, म्हणाला चांगलं सागवानी दार आहे, मी बसवलंय, फोडायचं काय कारण. कोणीतरी म्हणालं, धूर केला. शाळेच्या बाई म्हणाल्या, कागद आहेत आत, जपून. वाद चाललाय. तंटा. यांच्यात तंटा. तंटा होऊ दे. रात्रभर होऊ दे. नाही ठरलं तर नाही घडणार. नाही ठरलं तर—

चार वीस.

ती उभी राहिली.

म्हणाली, दुरुस्ती आहे. आवाज सपाट, दुकानात औषधाचं नाव वाचते तसा. म्हणाली, दार कोणी फोडलं नाही. धूर केला नाही. मी हाक मारली आणि तो स्वतः बाहेर आला. त्याला सगळं माहीत होतं, तरी आला. तो तसाच होता.

कापडाची सळसळ. हात वर होताहेत. फटीतून दिसत नाही, नुसत्या बाह्या दिसतात. सगळ्या.

मंजूर.

मी उघडणार नाही. हे लिहून ठेवतो. मी उघडणार नाही, ज्याला कोणाला ही वही मिळेल त्याने—

पावलं. एकटीची.

दाराशी आहे. कडीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर. श्वास ऐकू येतोय.

हाक मारली.

सपाट नाही. दोन वर्षं वर्गात तिच्या मागच्या बाकावर बसलो, जर्नल्स लिहिली, पाऊणशे पत्रं लिहिली, एकदाही तिने मला नावाने हाक मारली नाही. आता मारतेय. हळू. मायेने. रडते आहे का. खोटं आहे, मला माहीत आहे, ठरवून आहे, सगळ्यांनी हात वर करून—

पुन्हा मारली.

हात कडीवर आहे. मी नाही म्हणतोय त्याला. डाव्या हाताने लिहितोय, उजवा ऐकत नाही. ती म्हणतेय, ये ना, मी आहे, आणि मी